आइसलँड, भाड्याची गाडी आणि विम्याचा घोळ

आइसलँडला जायचं ठरल्यावर विमानाची तिकिटं मी तासाभरात काढली, राहायच्या जागा दोन संध्याकाळींत. गाडीच्या विम्याने मात्र जायच्या आधी दोन आठवडे खाल्ले आणि परत आल्यावर आणखी सात.

गाडी बुक करताना भाड्याच्या आकड्याखाली हिरव्या अक्षरांत ‘विमा समाविष्ट’ असं लिहिलं होतं. मी खूश. नवऱ्याने विचारलं, “कसला विमा?” आणि मला उत्तर देता येईना. मग अटींचं लांबलचक पीडीएफ उघडलं. त्या एका हिरव्या ओळीत दोन वेगळ्याच गोष्टी निघाल्या. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपण दुसऱ्या कुणाला ठोकलं तर. तो तिथे कायद्यानेच सक्तीचा, भाड्यातच येतो. दुसरी सीडीडब्ल्यू, म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर. हा खरं तर विमाच नव्हे. गाडीचं नुकसान झालं तर अमुक रकमेपर्यंत तुमच्याकडून घेऊ, त्यावरचं माफ, एवढाच कंपनीचा शब्द. त्या ‘अमुक रकमे’ला एक्सेस म्हणतात. आमच्या करारात ती होती साडेतीन लाख क्रोना. आपल्या पैशांत हिशेब केल्यावर नवरा म्हणाला, “बसने फिरू.”

पण खरी मेख पुढच्या पानावर होती. काच, टायर आणि गाडीची खालची बाजू सीडीडब्ल्यूत नाही. वाऱ्याने उडालेली वाळू आणि ज्वालामुखीची राख रंग खरवडते, तेही नाही. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी वाकली, तर नाही. नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं, तर मुळीच नाही. म्हणजे त्या देशात गाडीला जे जे होऊ शकतं, नेमकं तेच वगळलेलं. नदीचा प्रश्न आमच्यापुरता मिटलेला होता, कारण जिथे नद्या पाण्यातून ओलांडाव्या लागतात त्या आतल्या ‘एफ’ रस्त्यांवर फोर बाय फोरच न्यावी लागते आणि आमची होती छोटी हॅचबॅक.

एक्सेसवर उपाय शोधायला बसले. आधी क्रेडिट कार्ड. ‘कार्डावर गाडीचा विमा फुकट असतो’ हे सगळीकडे ऐकलेलं. कस्टमर केअरला फोन केला, तीन जणांशी बोलले, तिघांनी तीन उत्तरं दिली. शेवटी मी माहितीपत्रक मागवून घेतलं. त्यात विमान अपघात होता, हरवलेलं सामान होतं, भाड्याच्या गाडीचं नावही नव्हतं. ज्या कार्डांवर हे संरक्षण असतं तिथेही बहुधा पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरावं लागतं, आणि पुष्कळदा कंपनीची सीडीडब्ल्यू नाकारावी लागते. ती भाड्यातच बांधलेली असेल तर नाकारणार कशी, हे मला कुणी सांगू शकलं नाही. आमच्या प्रवास विम्यातही पाहिलं. ‘व्यक्तिगत दायित्व’ असा भारदस्त मथळा होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत: मोटार वाहने वगळून.

उरले दोन रस्ते. काउंटरवर कंपनीचं वरचं पॅकेज घ्यायचं, नाहीतर एक्सेस परत देणारी स्वतंत्र पॉलिसी आधीच काढायची. स्वतंत्र पॉलिसी मला जवळजवळ एक तृतीयांशात पडत होती, त्यात काच आणि टायरही होते. वाळू-राख मात्र नव्हती. शिवाय ती गाडी ताब्यात घेण्याआधीच काढावी लागते. आणि मुख्य म्हणजे ती कंपनीला पैसे देत नाही. आधी आपण भरायचे, मग पॉलिसीवाल्यांकडे मागायचे. हे कळूनही मी तीच घेतली. वाळू-राखेचं काउंटरवर घ्यायचं ठरवलं.

पॉलिसी काढताना एक गोष्ट सुदैवाने वेळेत दिसली. बुकिंग माझ्या नावावर होतं आणि चालवणार होता नवरा. करारात मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं होतं. डेबिट चालत नव्हतं. सगळं त्याच्या नावावर बदललं, त्याच्या कार्डाची मर्यादा वाढवून घेतली, परदेशी व्यवहार सुरू केले. भावाचं नाव दुसरा चालक म्हणून करारात घातलं. नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली की गाडीच्या नुकसानीचं संरक्षण गुंडाळलं जातं.

केफ्लाविकच्या विमानतळाबाहेर पाऊस आडवा पडत होता. काउंटरवरच्या मुलीने टॅबलेट फिरवून समोर धरला. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मी म्हटलं, आमच्याकडे वेगळी पॉलिसी आहे. ती गोड हसून म्हणाली, “ती आमच्यासाठी नाहीच.” तिचं बरोबर होतं. तिने नवऱ्याच्या कार्डावर एक्सेसएवढी रक्कम ब्लॉक केली आणि वाळू-राखेचं संरक्षण बिलात घातलं. मग उठून दाराशी आली आणि गाडी कशी लावायची ते हाताने दाखवलं: तोंड वाऱ्याकडे, दार उघडताना एक हात कायम दारावर. बिजागरी कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हती, प्लॅटिनममध्येसुद्धा.

गाडीचा व्हिडिओ काढायला वीस मिनिटं लागली. भाऊ छत्री धरायला निघाला होता. ती पहिल्याच झोतात उलटी झाली. चारही रिम, छत, बंपरच्या खालची कड, पुढची काच आणि शेवटी किलोमीटरचा आकडा. करारावरच्या चित्रात तीन ओरखडे मांडलेले होते. आम्हाला पाच सापडले. परत आत जाऊन दोन लिहून घेतले.

चौथ्या दिवशी विक गावाच्या पुढे आम्ही हमरस्ता सोडला. ‘मालबिक एंदार’, म्हणजे डांबर संपलं, अशी पाटी लागली. तिथे खडीच्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर. नवरा 50 नेच चालला होता, पण समोरून येणारी जीप तशी नव्हती. टक् असा आवाज आला. काचेवर उजवीकडे खाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. संध्याकाळी तो तेवढाच होता. सकाळी थंड काचेवर हीटरचा झोत लावला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यातून वीतभर रेघ वर सरकली.

कंपनीला फोन केला. फोटो पाठवा, चालवत राहा, परत देताना फॉर्म भरा. गाडी परत देताना तिथल्या माणसाने रेघेवर बोट फिरवलं, फॉर्मवर सही घेतली, काच बदलण्याचे पैसे आणि वर प्रक्रिया शुल्क कार्डावरून कापलं. तो बाकी गाडी ‘ओके’ म्हणाला, तेव्हा ते मी कागदावर लिहून मागितलं. त्याला माझा थोडा राग आला असावा.

घरी आल्यावर क्लेम. भाडेकरार, नुकसानीचा फॉर्म, आधीचे-नंतरचे फोटो, लायसन्सची प्रत, पैसे कापले गेल्याचं कार्डाचं स्टेटमेंट. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: बिलात काच आणि शुल्क वेगळं दाखवलेलं नाही, फोड करून पाठवा. ती फोड मिळवायला भाड्याच्या कंपनीला चार मेल झाले. पहिल्या तीन मेलना ‘आपला संदेश मिळाला’ एवढंच उत्तर आलं. चौथ्यात मी फक्त कराराचा क्रमांक आणि एक ओळ लिहिली, तर दुसऱ्या दिवशी बिल हजर.

सातव्या आठवड्यात पैसे जमा झाले. काचेचे पूर्ण, प्रक्रिया शुल्काचे नाहीत. ते पॉलिसीत वगळलेलं होतं आणि ती ओळ मी वाचलेली नव्हती. नवऱ्याला त्याचं काही नाही. त्याला अजून खटकतं ते वाळू-राखेचं. “नऊ दिवसांत,” तो म्हणतो, “एक कण उडाला नाही.”