चोचीची हौस

"हिच्याखाली अंडी ठेवून उपयोग नाही रे," म्हणत काकांनी कबुतरांच्या ढाबळीत हात घातला आणि शॉर्टफेस (अगदी आखूड चोचीची जात) मादीची दोन्ही अंडी शेजारच्या साध्या होमर जातीच्या जोडीखाली सरकवली. का, विचारलं. "चोच बघ की तिची. पिल्लाला भरवणार कशी?"

कबुतरात नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दूध तयार होतं, पिल्लू आईबापाच्या चोचीत चोच घालून ते पितं. आणि ते येतं साधारण 18 दिवसांनी अंडी फुटायच्या सुमारास, म्हणून दत्तक जोडीची अंडीही त्याच वेळची लागतात, नाहीतर सगळं मुसळ केरात.

म्हटलं, निसर्गाने अशी चोच दिलीच का? काका हसले. "निसर्गाने कुठली, शौकिनांनी! आखूड चोचीच्याच जोड्या लावत गेले."

लक्का या जातीच्या कबुतराचंही तेच, साध्या कबुतराच्या शेपटीत 12 पिसं, लक्क्याला तीस-चाळीस! (पिसारा बघून वा मीही म्हटलंच.)

पण डोक्यात राहिली ती होमर जोडी. भाव शॉर्टफेसला, फोटो शॉर्टफेसचे, आणि पोरं वाढवायला हे स्वस्तातले. पाळणाऱ्यांनो, दिसण्यासाठी किती ताणायचं याची काही हद्द ठेवता का तुम्ही?