गुळातला दगड

गुळाचा खडा चघळताना कधीतरी दाताखाली वाळू कचकन लागते आणि आपण गुऱ्हाळवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. तो दगड मी म्हणत नाही. वाळूचा कणही नसलेल्या पिवळ्याधमक ढेपेतही दगड असतोच, आणि गुळाला गूळपण येतं त्यात त्याचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

शाळेच्या भूगोलात शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण अशी चार आवरणं होती. चौघांना चार वेगळ्या चौकटी आणि खाली दोन-दोन गुणांचे प्रश्न. निदान कोल्हापूरच्या पोरांना तरी हा धडा गुऱ्हाळावर नेऊन शिकवायला हवा. तिथं काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, चौघंही एकदम उकळत असतात.

सुरुवात दगडापासून. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा आला, मग तिसरा. भाकरीच्या चवडीसारखे रचलेले हे थर गगनबावड्याकडं जाताना एसटीच्या खिडकीतूनही दिसतात. हाच बेसाल्ट, आपला काळा पाषाण. पंचगंगेच्या घाटावर बसतो तोही हाच. दिसायला एकसंध, पण आत खनिजांचं बिऱ्हाड: फेल्डस्पारमध्ये कॅल्शियम आणि सोडियम, पायरॉक्झीनमध्ये मॅग्नेशियम आणि लोह, शिवाय थोडं मॅग्नेटाइट. नदीच्या वाळूतून लोहचुंबक फिरवलं की काळी पूड चिकटून येते, ती या मॅग्नेटाइटचीच.

एवढा कठीण दगड फोडतो कोण? पाऊस. पडता पडता तो हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि किंचित आंबट होतो. मातीत मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास सोडतात, त्यानं तो आणखी आंबट होतो. मग फेल्डस्पारची चिकणमाती होते आणि क्षार पाण्याबरोबर चालू लागतात. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. असलं धुणं लाखो वर्षं चाललं की सिलिकासुद्धा निघून जातो; मागं उरतात लोह आणि अॅल्युमिनियम. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा तांबडा जांभा म्हणजे हीच उरलेली शिल्लक. राधानगरी आणि शाहूवाडीच्या डोंगरांवरचं बॉक्साइटही त्याच जातीचं.

धुतलेलं सगळं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा वाटांनी प्रयाग चिखलीकडं येतं आणि पंचगंगेबरोबर शिरोळपर्यंत जातं. पूर गाळ टाकून जातो, रान सुधारतं, असं म्हणतात. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांचं घर गेलं त्यांना हे सांगायला मी जाणार नाही. पण नदीकाठची मळीची जमीन अशाच गाळांनी घडली, हेही खरं.

आता ऊस. गंमत अशी की निव्वळ साखरेत दगड अजिबात नाही. साखरेच्या वजनात 42 टक्के कार्बन, तो सगळा पानांनी हवेतून ओढलेला. बाकी ऑक्सिजन आणि हायड्रोजन. म्हणजे साखर हे हवापाण्याचं काम, उन्हाच्या जोरावर केलेलं. दगड येतो मुळांवाटे: पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं लोह. कारखाना साखरेचे स्फटिक वेगळे काढतो आणि हे क्षार बहुतेक मळीत, म्हणजे मागं उरलेल्या काळ्या पाकात जातात. गुऱ्हाळात रस तसाच आटतो, त्यामुळं बरेचसे ढेपेतच राहतात.

शिवाय काहिलीत चुना पडतो. तो चुनखडी भाजून केलेला. आणि चुनखडी बहुतांशी जुन्या समुद्रांच्या तळाची, कितीतरी जीवांच्या शिंपल्यांची. नद्यांनी कुठल्या तरी डोंगरातून धुऊन नेलेलं कॅल्शियम शिंपल्यात गेलं, तळाशी बसलं, पुन्हा दगड झालं आणि आज उसाच्या रसाचा आंबटपणा मारायला चमचाभर उपयोगी पडलं. चुलवाणात चिपाडं जळतात, तेव्हा उसानं हवेतून घेतलेला कार्बन चिमणीतून परत हवेत. घेणं-देणं एवढं गुंतलेलं की चार चौकटी आखायच्या कुठं?

आमच्याकडच्या एका जुन्या गुळव्याला मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. त्यानं फावडं न थांबवता ऐकून घेतलं. "रान बदललं की गूळ बदलतोय बघा," एवढंच म्हणाला. खाऱ्या रानातल्या उसाचा गूळ घट्ट बसत नाही, ढेप पाझरते, हे त्याला फेल्डस्पारचं नाव न घेता ठाऊक होतं.

अर्थात आता रानातला सगळाच दगड इथला नाही. पोटॅशचं, म्हणजे पोटॅशियमच्या खताचं, पोतं बाहेरून येतं, कारण भारत पोटॅश जवळजवळ सगळं आयात करतो. कॅनडाच्या सस्कॅचवानमधल्या खाणींत ते सापडतं, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ म्हणून. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हा भूगोल कुणी मोजला नसावा.

आणि गिऱ्हाइकाला गूळ हवा फिकट. जितका पांढुरका तितका भारी, म्हणून कुठं कुठं रसात हायड्रोस पावडर टाकून रंग उडवतात. मला हे अजिबात पटत नाही. बाजारात मी तपकिरी ढेप मागतो, तर दुकानदार आदबीनं सांगतो, "साहेब, तो जनावरांसाठी घेऊन जातात."