सुपरमार्केटच्या पार्किंगमधली ती व्हॅन

मागच्या मार्चमध्ये एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, पत्र आलं. उघडलं तर तारीख, वेळ, पत्ता सगळं आधीच ठरवून दिलेलं, अमुक दिवशी सकाळी मॅमोग्रामला, म्हणजे स्तनाचा कॅन्सर आहे का ते बघणाऱ्या एक्स-रेला, या. मी काही मागितलं नव्हतं, दुखत-खुपत नव्हतं, कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं, फक्त 51 पूर्ण झाली होती. इथे इंग्लंडमध्ये 1988 पासून हे चालू आहे. 50 ते 71 वयाच्या बायकांना दर 3 वर्षांनी बोलावतात, पहिलं पत्र 53 पूर्ण व्हायच्या आत येतं, आणि पैसे लागत नाहीत. फक्त जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, तुमचं नाव हवं. इथे नवीन आलेल्या आपल्या बायका नवऱ्याचं, मुलांचं नाव पहिल्या आठवड्यात घालतात आणि स्वतःचं राहून जातं, ते प्लीज करू नका.

पत्र हातात घेऊन मी किचनमध्ये बराच वेळ बसले कारण मला मिरजेची मावशी आठवली. तिला आंघोळीच्या वेळी रोज हाताला गाठ लागायची, पण दुखत नव्हती म्हणून आठ महिने कुणाला बोलली नाही, आणि बोलायचं तरी काय, काकांना कुठल्या तोंडाने सांगू की कुठे गाठ आहे, असं ती नंतर आईला म्हणाली होती. सुनेला कळलं तोवर वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. मग टाटाला नेलं, ऑपरेशन, किमो, सगळं झालं, पण दीड वर्षात गेली. घरात तेव्हा सगळे "छातीचा आजार" म्हणायचे. मी कॉलेजात होते, मला कितीतरी दिवस वाटायचं की मावशीला टीबी झालाय.

तर ती व्हॅन. आमच्या इथल्या सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये एक मोठा ट्रेलर उभा होता, तीन पायऱ्या चढून आत गेलं की बारकीशी वेटिंग रूम, लोक शेजारून भाजीच्या ट्रॉल्या ढकलत जातायत आणि आत आपली तपासणी, मला हे फार आवडलं, म्हणजे हॉस्पिटलची धास्तीच नाही. पत्रात लिहिलं होतं की डीओड्रंट, टाल्कम पावडर लावून येऊ नका आणि वरचे-खालचे कपडे वेगळे घाला, म्हणून मी साधा टॉप आणि पँट घालून गेले. मॅमोग्राम काढणारी बाईच असते. प्रत्येक स्तनाचे दोन एक्स-रे, दोन प्लेटमध्ये दाबून धरतात, दुखतं, खोटं कशाला सांगू, पण एका वेळेला काही सेकंदच. जायच्या आधी तिने नाव, जन्मतारीख विचारली आणि आधी कधी ब्रेस्टमध्ये काही जाणवलंय का ते विचारलं, अगदी सर्दी-खोकला विचारावा तितक्या साधेपणाने. माझ्या तोंडून तो शब्द निघायला वेळ लागला.

दोन आठवड्यांच्या आत परत पत्र, पुन्हा या. त्या रात्री झोप नाही. नंतर माहितीपत्रक नीट वाचलं तेव्हा कळलं की 100 बायकांमधल्या साधारण 4 जणींना असं परत बोलावतात आणि त्या चौघींतल्या साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. हे आधी वाचायला हवं होतं. क्लिनिकमध्ये पुन्हा मॅमोग्राम, मग सोनोग्राफी, आणि पाण्याची गाठ निघाली, काही करायची गरज नाही म्हणाले. त्याच पत्रकात हेही सरळ लिहिलंय की तपासणीमुळे काही बायकांना असा कॅन्सर सापडतो ज्याने त्यांना आयुष्यभर कधी त्रासच झाला नसता, आणि तरी त्याचे उपचार होतात. म्हणजे फायदा-तोटा दोन्ही सांगून निर्णय तुमच्यावर. मला यामुळे उलट जास्त विश्वास वाटला.

आता घरी फोन केला की सगळ्या म्हणतात, तुमच्याकडे बरंय, आमच्याकडे कोण पत्र पाठवतंय. खरंय. पण आपल्या मुंबईतच टाटा मेमोरियलने 1998 पासून दीड लाखाहून जास्त बायकांवर एक मोठा अभ्यास केला, त्यात मशीन नव्हतं, दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन त्यांनी वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. निकाल 2021 मध्ये आले. गाठी लवकरच्या स्टेजला सापडल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी सांगितलंय. सरकारी कार्यक्रमातही 30 च्या पुढच्या बायकांची अशी तपासणी करायची सोय आहे, आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, लाजू नका.

हे सगळं मी वहिनीला फोनवर सांगत होते. ती 44 ची, आणि आपल्याकडे हा आजार चाळिशीतही बराच दिसतो. गाठ, काखेतली गाठ, कातडीला खळगा, निपल आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, एकेक सांगत गेले. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "ताई, डावीकडे आहे काहीतरी. दुखत नाही पण." अगदी मावशीचं वाक्य. मी म्हटलं, आत्ता दादाला सांग. ती म्हणाली, काय सांगू? म्हटलं, स्तनात गाठ लागतेय असं सांग, ह्याच शब्दांत.

तिने सांगितलं. दादाने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिला घेऊन गेला. सोनोग्राफी, मॅमोग्राम झालं, बायोप्सीही केली, साधी गाठ निघाली, 6 महिन्यांनी परत दाखवायला सांगितलंय. ती तारीख दादानेच कालनिर्णयवर लिहून ठेवलीय, दुधाच्या हिशोबाच्या खाली, "स्तन तपासणी" असं पूर्ण.