आईला गाडी लागते, म्हणून यावेळी बोटीने अलिबाग

माझ्या आईला गाडी लागते. बसमध्ये खिडकीची जागा, तोंडात आवळासुपारी, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि तरी वडखळ नाका येईपर्यंत तिचा चेहरा पार उतरलेला. मावशी अलिबागला असते त्यामुळे जाणं काही टळत नाही. मागच्या गणपतीत पेण ते वडखळ एवढ्या तुकड्यात आम्ही अडीच तास अडकलो, त्या दिवशी तिचे जे हाल बघितले तेव्हाच ठरवलं की आता पुन्हा रस्त्याने न्यायचं नाही.

म्हणून जानेवारीत गेटवेवरून अलिबागजवळच्या मांडवा बंदराची बोट. तिचा पहिला प्रश्न, "अरे पण बोट लागली तर?" मी पण मनातून घाबरलोच होतो, खरं सांगतो. पण हिवाळ्यात सकाळचं पाणी शांत असतं, मी तिला मधल्या भागात बसवलं कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात, आणि लांब क्षितिजाकडे बघत राहा म्हटलं. पाच मिनिटांत ती उठून रेलिंगपाशी! मागे कुरव पक्ष्यांचा थवा, ताज आणि गेटवे लहान लहान होत गेलेले, डावीकडे न्हावाशेवाच्या क्रेन, मग करंजाचा डोंगर, आणि मांडवा जवळ आलं की कनकेश्वर. तासाभरात उतरलो सुद्धा. समुद्रातून हे अंतर जेमतेम वीस किलोमीटर आहे हो, रस्त्याने पनवेल-पेण करत शंभरच्या आसपास जातं.

बऱ्याच जणांना माहीत नसतं की गेटवेच्या बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. जेट्टीवरून चालत बाहेर आलो, बस उभीच होती, चोंढीवरून पाऊण तासात अलिबाग. आईसाठी हाच मोठा फरक, गाडीत बसायचं ते फक्त पाऊण तास आणि वाटेत वडखळ नाहीच. स्वतःची गाडी न्यायची असेल तर मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या घेऊन जाणारी बोट आहे, गाडी खाली लावायची नि वर जाऊन बसायचं.

बोटीत आईने आजोबांची आठवण काढली. ते गिरणीत होते, शिमग्याला आगबोटीने रत्नागिरीला जायचे. बोट खोल पाण्यात थांबायची आणि मधल्या बंदरांवर माणसं पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून, डोक्यावर ट्रंका घेऊन किनाऱ्याला लागायची. कोकणातल्या किती पिढ्या अशाच मुंबईला आल्या, आणि आज सातशे किलोमीटरच्या वर किनारा असूनही आपण सगळे एकाच हायवेवर रांग लावून उभे राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दाभोळ, जयगड, मालवणला बसइतकीच नेमाने बोट का असू नये?

पावसाळा ही अडचण आहेच. गेटवेच्या बोटी साधारण तीन महिने बंद असतात, आणि त्यावर लोक चिडतात पण मी नाही चिडत. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, मुंबईहून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेवर माणसं गेली. अलिबागकडच्या जुन्या घरांत अजून त्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो, मावशीच्या सासरी सुद्धा. त्यामुळे खवळलेल्या समुद्रात बोट सोडली नाही तर ते बरोबरच आहे, त्या महिन्यांत बस घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. गेटवेकडे परत येणाऱ्या बोटी संध्याकाळीच संपतात, बससारखं रात्री कधीही निघू असं चालत नाही, त्यामुळे परतीची बोट आधी बघूनच जा. परत निघायच्या दिवशी आईने जेवण आटपताच विचारलं, "शेवटची बोट कितीची रे?" मला वाटलं चुकायला नको म्हणून विचारतेय. तर म्हणाली, तीच पकडू, सूर्य पाण्यात जाताना बघायचाय.