आमची वाटचाल: बारा माणसांचा गाळा

भोसरी एमआयडीसीत आमचा गाळा आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, एक व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन, आणि माझ्यासकट १२ माणसं. पंपाचे शाफ्ट आणि बुश बनवतो. त्याआधी मी ८ वर्षं एका मोठ्या कंपनीत होतो. दारापासून बस, कॅन्टीनचं जेवण आणि आईच्या ऑपरेशनच्या वेळी कंपनीचा मेडिक्लेम. तो नसता तर घरावर कर्ज चढलं असतं, म्हणून मोठ्या कंपनीला नावं ठेवणं मला जमत नाही. पण त्या ८ वर्षांत मी एकाच पार्टचं एकच ऑपरेशन केलं. तो पार्ट कितीला विकला जातो, हेही मला ठाऊक नव्हतं.

गाळा सुरू केल्यावर पहिली काही वर्षं, शिकवलेला मुलगा चाकणच्या मोठ्या कंपनीत गेला की मला राग यायचा. ड्रॉइंग वाचायला आम्ही शिकवायचं आणि थोड्या जास्त पगारासाठी त्याने जायचं! एकाला अनुभवाचं पत्र द्यायला मी महिनाभर टाळाटाळ केली. ते माझं चुकलं. मी तरी त्याला काय देत होतो? पीएफ २० माणसांपासून आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, १० माणसांपासून बंधनकारक. आम्ही ८ जण, म्हणून दोन्ही नव्हतं. पुढे माणसं वाढली तशी ईएसआय आली. पीएफ मात्र आम्ही आपणहून घेतला. मालकाचा हिस्सा दर महिन्याला जाणवतो, पण गाळ्यात केलेला तो सगळ्यात चांगला खर्च आहे असं मी मानतो.

लातूरकडचा एक मुलगा आयटीआय करून आला होता. इन्सर्ट (लेथचं कापणारं पातं) बदलल्यावर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीत, ०.०२ च्या जागी ०.२ टाकलं आणि पहिला पीस मोजलाच नाही. ४० शाफ्ट अंडरसाइज, मापापेक्षा बारीक. माल परत आला तेव्हा त्याला मी टेम्पोत बसवून ग्राहकाकडे नेलं. ओरडा मीच खाल्ला, तो शेजारी उभा होता. येताना रस्ताभर गप्प. त्यानंतर फर्स्ट पीसचं रजिस्टर त्याने स्वतः सुरू केलं आणि आज नव्या जॉबचे रेट तोच काढतो. मोठ्या कंपनीत क्वालिटीचं खातं वेगळं असतं. ऑपरेटरला ग्राहक दिसतच नाही.

त्याचे वडील पहिल्या दिवशी सोबत आले होते. “साहेब, पोरगं पर्मनंट होईल ना?” मी म्हटलं, “काका, काम आहे तोवर त्याला कोणी काढणार नाही. पण काम कायम राहील याची हमी मी देऊ शकत नाही.” आजही मुलाखतीला येणाऱ्याला मी हेच सांगतो. लहान पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांत द्यावं असा कायदा आहे, तरी आमच्या बिलांचे पैसे कधी ९० दिवसांनी येतात. लॉकडाउनमध्ये, २०२० साली, पगार दोन हप्त्यांत केले. हे आधी कळायलाच हवं. आणि मोठ्या कंपनीत जाणाऱ्यालाही मी सांगतो, की गेटवरची पाटी बघू नकोस, पे-स्लिपवर कंपनीचं नाव येणार की कंत्राटदाराचं, ते विचार. अनेक पोरांना हे रुजू झाल्यावर कळतं.

गेल्या महिन्यात डिप्लोमा झालेली एक मुलगी मुलाखतीला आली. मायक्रोमीटर सफाईने धरत होती. तिला दुसरीकडचंही बोलावणं होतं. तिने पगाराचं नंतर विचारलं, आधी विचारलं, “सर, इथे लेडीज टॉयलेट आहे का?” नव्हतं. इतक्या वर्षांत एकाही मुलीने इथे काम मागितलं नव्हतं असं मी समजत होतो. त्या दिवशी कळलं, की आल्या असतील आणि बघून परत गेल्या असतील.

गाळ्याच्या मागच्या बाजूला लेडीज टॉयलेटचं बांधकाम झालंय, पाण्याची लाइन आली. ती मुलगी सोमवारपासून कामाला येतेय. दार तेवढं बसायचं राहिलंय, सुतार शनिवारी सकाळी येणार आहे.