बॉइन नदीकाठचा क्लब आणि त्याचे अमेरिकन मालक

आयर्लंडच्या ड्रॉहेडा युनायटेड या फुटबॉल क्लबने नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएआय कप, म्हणजे देशाचा फुटबॉल चषक, जिंकला. अंतिम सामन्यात डेरी सिटीला २-० असं हरवलं. कप जिंकणाऱ्या संघाला पुढच्या उन्हाळ्यात युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) कॉन्फरन्स लीग या तिसऱ्या पायरीच्या स्पर्धेची पात्रता फेरी खेळायला मिळते, म्हणजे २०१३ नंतर पहिल्यांदाच आमच्या गावाचं नाव युरोपच्या वेळापत्रकात झळकणार होतं. जून २०२५ मध्ये ती जागा गेली. मैदानात हरून नाही. डेन्मार्कमधला सिल्केबोर्ग हा क्लब त्याच स्पर्धेला पात्र ठरला, आणि दोन्ही क्लबांचा मालक एकच होता, म्हणून.

डब्लिनमधली घरभाडी परवडेनात म्हणून आम्ही ड्रॉहेडाला आलो. इथून रोज गाडीने राजधानीत कामाला जाणारे बरेच आहेत, त्यात भारतीयही खूप. गाव बॉइन नदीवर वसलेलं, जुनं, तटबंदीची वेस अजून उभी असलेलं. शुक्रवारी संध्याकाळी सामना असला की स्टेशनवरून घरी येताना गर्द लाल आणि निळ्या मफलरी दिसायला लागतात. मी मुळात क्रिकेटवर वाढलेली. पण परक्या गावात ओळखी व्हायला एक ठिकाण लागतं, ते मला या मैदानावर मिळालं. म्हणून हे सगळं जवळून पाहिलं आणि मनाला लागलं.

आधी नियम सांगते. एकाच मालकाचं नियंत्रण असलेले दोन क्लब युएफाच्या एकाच स्पर्धेत खेळू शकत नाहीत. खेळायचं असेल, तर ठरलेल्या तारखेच्या आत मालकी खरोखर वेगळी करून दाखवावी लागते, उदाहरणार्थ एका क्लबचे समभाग तटस्थ विश्वस्तांच्या हाती सोपवून. त्या हंगामासाठी ही तारीख होती १ मार्च २०२५. आमच्या क्लबचे मालक ट्रिवेला ग्रुप, अमेरिकेतल्या अलाबामाचे. त्यांच्याकडे इंग्लंडचा वॉल्सॉल आहे, डेन्मार्कचा सिल्केबोर्ग आहे, आफ्रिकेत टोगोमध्येही एक क्लब आहे. १ मार्चपर्यंत मालकी वेगळी झाली नाही. नियमांच्या निकषांवर सिल्केबोर्गचं पारडं जड ठरलं आणि ड्रॉहेडाला बाहेर काढलं. स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. त्याच उन्हाळ्यात याच नियमाचा फटका इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसलाही बसला. पण त्यांना युरोपा लीगमधून एक पायरी खाली उतरवून कॉन्फरन्स लीगमध्ये तरी घेतलं. ड्रॉहेडाला उतरायला खालची पायरीच नव्हती.

आमच्या गल्लीत एक निवृत्त काका आहेत, लहानपणापासून या क्लबचे सामने बघणारे. तो निकाल आला त्या आठवड्यात ते कुंपणापाशी उभे राहून माझ्याशी बराच वेळ बोलले. मला वाटलं होतं, ते अमेरिकन मालकांवर चिडलेले असतील. चिडलेले होतेच, पण पुढे म्हणाले, “यांना आम्हीच मत देऊन आणलं, आणि पुन्हा वेळ आली तर कदाचित पुन्हा आणू.”

असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. २००७ मध्ये ड्रॉहेडाने इतिहासात पहिल्यांदाच, आणि आजवर एकदाच, लीग जिंकली. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत डायनॅमो कीव्हसारख्या संघाला घाम फोडला, दोन सामन्यांत मिळून ४-३ असे थोडक्यात हरले. आणि त्याच वर्षी, पुरते दोन-तीन महिनेही उलटले नसताना, क्लबला न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं. तिजोरी रिकामी होती, दहा गुण कापले गेले. नव्या स्टेडियमच्या आणि जमिनीच्या भावाच्या भरवशावर खर्च झाला होता, मग आयर्लंडचा जमीनबाजार कोसळला. त्यानंतरची वर्षं क्लब समर्थकांनी आणि गावातल्या मंडळींनी मिळून चालवला. तिकिटं विकणं, वर्गणी काढणं, स्टँड रंगवणं, सगळं. पंधरा वर्षं असं ओढल्यावर समोर कुणी पैसे घेऊन आला, तर सभासदांनी हात वर केले यात मला नवल वाटत नाही. २०२३ च्या अखेरीस मतदान झालं आणि क्लब ट्रिवेलाकडे गेला. वर्षभरात कप आला. मग हे.

ड्रॉहेडाहून बेलफास्टच्या दिशेने गाडीत बसलं की पुढचं स्टेशन डंडॉक. दोन्ही गावं लाउथ काउंटीतली, हाडवैरी. डंडॉकचा क्लब १९०३ साली रेल्वेच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. परक्या पैशाचा अनुभव त्यांना आमच्याआधी आला. २०१८ च्या सुरुवातीला शिकागोच्या पीक सिक्स या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने अमेरिकनांनी तो घेतला. क्लब तेव्हा पडीक नव्हता. २०१४ पासून सलग तीन वर्षं लीग जिंकून, २०१६ मध्ये युरोपा लीगच्या गटसाखळीत खेळून आलेला होता. सुरुवातीला सगळं जमलं. २०१८ ला लीग आणि कप दोन्ही, २०१९ ला पुन्हा लीग, २०२० ला पुन्हा युरोपा लीगची गटसाखळी, त्यात आर्सेनलविरुद्ध सामने. पण आतून वीण उसवत होती. प्रशिक्षक बदलत राहिले, निर्णय गावाबाहेर होत राहिले, आणि २०२१ च्या अखेरीस अमेरिकन निघून गेले. स्थानिक मंडळींनी क्लब परत घेतला. दोन वर्षांत तो पुन्हा विकला, या वेळी बॉस्टनमध्ये स्थायिक झालेल्या एका आयरिश उद्योजकाला. सप्टेंबर २०२४ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. शेवटच्या क्षणी गावातल्याच एका बॅरिस्टरने तो हाती घेतला म्हणून वाचला. संघ त्या हंगामात तळाला राहून खालच्या विभागात गेला, आणि २०२५ मध्ये तो विभाग जिंकून परत वर आला.

डंडॉक खाली गेलं तेव्हा ड्रॉहेडाच्या स्टँडमध्ये टाळ्या वाजल्या, ते साहजिक आहे, वैर ते वैर. पण क्लबच बंद पडणार अशी बातमी होती त्या दिवसांत आमच्या बाजूचे लोक गंभीर होते. सगळ्यांना ठाऊक होतं, आज त्यांच्यावर आलंय.

हे पैसे आताच का येताहेत? आयर्लंडमध्ये खेळाचा मान गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या देशी खेळांचा, नंतर रग्बीचा. फुटबॉलवेडे आयरिश लोकही लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड नाहीतर स्कॉटलंडच्या सेल्टिकचे, शनिवारी विमानाने सामना बघून रविवारी परतणारे. घरची लीग अनेक वर्षं दुर्लक्षित राहिली, त्यामुळे इथले क्लब स्वस्त आहेत. पण युरोपच्या पात्रता फेऱ्यांचं दार त्यांना उघडं असतं, आणि तिथे दोन-तीन फेऱ्या पार केल्या तर मिळणारी रक्कम वर्षभराच्या तिकीटविक्रीला झाकून टाकते. दुसरं कारण ब्रेक्झिट. पूर्वी हुशार पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षीच इंग्लंडला जायचा. २०२१ पासून अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्याला तिकडे जाता येत नाही. ती वर्षं तो इथे खेळतो, आणि जाताना क्लबला खरी किंमत मिळते. सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिकच्या मेसन मेलियाला टॉटनहॅमने घेतलं, तो लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा सौदा होता. व्यवहार २०२५ च्या सुरुवातीला ठरला, पण २०२५ चा हंगाम संपेपर्यंत पोरगा डब्लिनमध्येच खेळला. गुंतवणूकदाराला यात धंदा दिसतो, आणि दिसण्यात काही गैर नाही. अशा पैशातून चांगले प्रशिक्षक येतात, मुलांच्या अकादमीला वैद्य मिळतो, मुलींच्या संघाला वेळेवर बस मिळते. मला प्रश्न वेगळा पडतो. तो पैसा निघून गेला तर मागे काय उरतं?

याचं उत्तर मला कॉर्कमध्ये दिसलं, आणि फार स्पष्ट दिसलं. कॉर्क सिटी २००७ मध्ये अर्कागा नावाच्या गुंतवणूक फंडाने घेतला. पुढच्याच वर्षी फंडाने हात काढला. २०१० मध्ये जुनी कंपनी बुडाली. तेव्हा फोरास या समर्थकांच्या ट्रस्टने खालच्या विभागात नव्याने संघ उभा केला, आणि सभासदांच्या त्या क्लबने २०१७ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकले. मग पुन्हा ओढाताण सुरू झाली आणि शेवटी फोरासच्या सभासदांनीच क्लब एका उद्योजकाच्या हाती द्यायचं ठरवलं. समर्थकांनी चालवलेला क्लब कायम सुरक्षित असतो, असं कॉर्ककडे बघून मी म्हणणार नाही. पण सगळं संपलं तेव्हा पुन्हा उभं करायला माणसं होती, आणि खेळायला टर्नर्स क्रॉस होतं. ते मैदान मन्स्टर फुटबॉल असोसिएशनचं आहे. कुठल्याही मालकाला ते विकता आलं नसतं.

मैदान कुणाच्या नावावर आहे, हा मला मालकाच्या राष्ट्रीयत्वापेक्षा मोठा मुद्दा वाटतो. डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सचं मिलटाउनमधलं मैदान १९८७ मध्ये गेलं, तिथे आता घरं आहेत. ते विकणारं किलकॉइन कुटुंब डब्लिनचंच होतं, कुणी परदेशी नव्हे. त्यानंतर रोव्हर्स बावीस वर्षं भाड्याच्या मैदानांवर फिरले. २००५ मध्ये क्लब बुडता बुडता समर्थकांच्या ‘४०० क्लब’ने तो वाचवला. २००९ मध्ये टॅला इथलं स्टेडियम मिळालं, तेही साउथ डब्लिन काउंटी काउन्सिलच्या मालकीचं. मधल्या काळात शेजारच्या गेलिक क्लबने न्यायालयात धाव घेतली होती, मैदान त्यांच्याही खेळाला पुरेल एवढं मोठं करा म्हणून. ते प्रकरण मिटेपर्यंत अर्धवट स्टँड तसाच उभा होता. आज रोव्हर्सचा निम्मा हिस्सा सभासदांकडे आहे. उरलेला दोन धनिकांकडे, प्रत्येकी २५ टक्के: एक ऑस्ट्रेलियात राहणारा व्यावसायिक, दुसरे सेल्टिकचे सर्वांत मोठे भागधारक डर्मट डेझमंड. पैसा आला, पण सभासदांना बाजूला सारून काही ठरवता येत नाही. हाच क्लब २०२० ते २०२३ सलग चार वर्षं लीग जिंकला.

डब्लिनचाच दुसरा क्लब बोहेमियन्स तर पूर्णपणे सभासदांचा, १८९० पासूनचा. सहकारी साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या आपल्या लोकांना हा प्रकार लगेच समजेल: प्रत्येकाला एक मत, आणि त्या मताचा माज सुद्धा. त्यांनीही तेजीच्या काळात डॅलिमाउंट पार्क बिल्डरला विकायचा घाट घातला होता. व्यवहार फिसकटला, कर्ज मात्र डोक्यावर बसलं. २०१५ मध्ये डब्लिन सिटी काउन्सिलने ते मैदान ३८ लाख युरोंना विकत घेतलं, कर्ज फिटलं आणि फुटबॉल तिथेच राहिला.

डब्लिनच्याच शेलबर्न क्लबची गोष्ट तर दीडेक वर्षात घडली. २०२३ च्या उन्हाळ्यात तुर्की टीव्हीसम्राट आणि इंग्लंडच्या हल सिटीचे मालक अजुन इलिजाली यांनी तो क्लब घेतला. ते वर्ष सरायच्या आत ते बाहेर पडले आणि सूत्रं पुन्हा आयरिश गुंतवणूकदारांकडे आली. २०२४ मध्ये डेमियन डफच्या मार्गदर्शनाखाली शेलबर्नने २००६ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. शेवटच्या दिवशी डेरीत विजयी गोल केला हॅरी वुडने, जो मुळात हल सिटीतून आला होता. परक्या मालकाच्या चार-पाच महिन्यांतून एवढं तरी टिकलं!

मी पुण्याची, म्हणून हा विषय मला ‘आपण आणि परके’ असा मांडता येत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेणारे वेंकीज पुण्याचेच. १९९५ ला प्रीमियर लीग जिंकलेला तो क्लब २०१२ मध्ये खाली घसरला आणि अजून वर आलेला नाही. तिथल्या समर्थकांनी वर्षानुवर्षं ज्यांच्याविरुद्ध निदर्शनं केली, ते दूरदेशीचे मालक आपल्या गावचे. आणि आपल्याकडे एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीत सामने बघणाऱ्या माझ्या चुलत भावाला कुणी काही विचारलं नाही. त्याच्याकडे तिकीट होतं, मत नव्हतं.

ड्रॉहेडातल्या काकांना मत होतं, आणि त्यांनी ते दिलं. मला एवढंच वाटतं की ते मत एकदाच वापरून संपायला नको होतं. शॅमरॉक रोव्हर्ससारखा निम्मा हिस्सा राखता आला असता, किंवा निदान मैदान, क्लबचे रंग, बोधचिन्ह आणि युरोपचा हक्क या गोष्टी सभासदांच्या संमतीशिवाय कुणाला पणाला लावता येणार नाहीत, असं करारात बसवता आलं असतं. हे आयर्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने परवाना देतानाच सगळ्या क्लबांना बंधनकारक करावं, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक छोट्या क्लबने अलाबामाच्या वकिलांसमोर एकट्याने बसून ते मिळवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

ट्रिवेलाकडे तीनही युरोपीय क्लब आहेत तोवर ही वेळ पुन्हा येऊ शकते. पुढचा कप जिंकला तर १ मार्चच्या आत कोणत्या क्लबचे समभाग विश्वस्तांकडे जाणार, सिल्केबोर्गचे की आमचे, हे मालकांनी हंगाम सुरू होण्याआधी गावाला सांगायला हवं. काकांनी तसं पत्र लिहायला घेतलंय आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिलंय. त्यांच्या इंग्रजीत मी काय तपासणार, पण दुसऱ्या परिच्छेदात तारीख ठळक करायला सांगितली आहे, आणि खाली माझीही सही केली आहे.