कॉर्नरचा गोल धरायचा की नाही?

आर्सेनल ही लंडनची फुटबॉल टीम जिंकली की भाच्याचा मेसेज येतो, सोबत ओळभर लाल बदाम. मी विचारतो, 'गोल कसा झाला?' यावर तो चिडतो. मॅच मीही पाहिलेली असते, गोल कसा झाला ते मला ठाऊक असतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असतं. कॉर्नरवर, म्हणजे कोपऱ्यातून मारलेल्या थांबलेल्या बॉलवर, झालेला असतो. गॅब्रिएलनं डोक्यानं मारलेला असतो. 'मामा, गोल म्हणजे गोल,' तो लिहितो. मी लिहितो, 'बरं.' या एका 'बरं'वर आमची रविवारची सकाळ पेटते.

पेटते ती नागपुरातल्या आठ रस्ता चौकाजवळच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर. इंग्लंडमधल्या शनिवारच्या मॅचेस आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला नाहीतर दहाला लागतात, आणि तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला नाहीतर अकराला. त्यामुळे झोपेचं खोबरं झालेलंच असतं. त्या अवस्थेत पोह्यांवर तर्री ओतून घेत आम्ही लंडनमधल्या एका मॅनेजरला अक्कल शिकवायला जमतो. लंडन इथून सात हजार किलोमीटरच्या वर. आमच्यापैकी कोणीही एमिरेट्स स्टेडियम पाहिलेलं नाही. पण त्या मॅनेजरचा, आर्टेटाचा, उल्लेख सगळे असा करतात, जणू घरातलं पोरगं आहे आणि हल्ली ऐकत नाही.

वाद सगळ्यात रंगला तो 2024-25 च्या हंगामात. त्याआधी दोनदा लागोपाठ दुसरा नंबर आला होता. 2023-24 मध्ये तर 38 मॅचमध्ये 91 गोल, 89 पॉइंट, आणि तरी मँचेस्टर सिटी दोन पॉइंटांनी पुढे. आता तिसऱ्या खेपेला तरी, असं म्हणता म्हणता 14 मॅचेस बरोबरीत सुटल्या, लिव्हरपूल आरामात निघून गेली आणि आम्ही परत दुसरे. सप्टेंबरमध्ये सिटीच्या मैदानावर ट्रोसार्डला लाल कार्ड मिळालं आणि अख्खा दुसरा हाफ दहा जण आपल्याच गोलसमोर गोठल्यासारखे उभे राहिले. 2-1 नं पुढे होतो. 98 व्या मिनिटाला सिटीच्या स्टोन्सनं गोल केला, 2-2. भाचा म्हणाला, असा डिफेन्स जन्मात पाहिला नाही. मी म्हणालो, आणि फुटबॉलही पाहिला नाही. दोघंही खरंच बोलत होतो.

मला काय खुपतं ते सांगतो. बॉल आपल्याकडून जाऊ नये याची या माणसाला भयंकर काळजी. सालिबाकडून गॅब्रिएल, गॅब्रिएलकडून डावीकडे, तिथं अडलं की मागे. मग राइसकडून उजवीकडे ओडेगार्ड, ओडेगार्डकडून साका, साकापुढे दोघं उभे, की पुन्हा मागे. बॉल बॉक्सच्या भोवती फिरत राहतो, आत कोणी जात नाही. यामागे हिशेब आहे, नाही असं नाही. पुढे बॉल हरवला तरी मागे माणसं जागेवर हजर असतात, समोरच्याला पळायला रान मोकळं मिळत नाही. 2023-24 मध्ये लीगभर या टीमनं फक्त 29 गोल खाल्ले, इतके कमी दुसऱ्या कोणीच खाल्ले नव्हते. हिशेब बरोबर आहे. पण दीड तास हिशेब बघायला मी रात्री अकराला टीव्हीसमोर बसत नाही. तो दिवसभर ऑफिसात होतो.

बरं, हा आलाय कुठून? बार्सिलोनाच्या अकादमीत वाढलेला. 2011 ते 2016 आर्सेनलमध्येच तेव्हाचा मॅनेजर वेंगर याच्या हाताखाली खेळलेला. मग सिटीत मॅनेजर गार्डिओलाचा सहायक. डिसेंबर 2019 मध्ये मॅनेजर होऊन परत आला. इतक्या थोरामोठ्यांच्या तालमीतून आलेला माणूस, त्याच्याकडून आम्ही काय काय स्वप्नं पाहिली असतील! आणि त्यानं 2021 मध्ये सिटीतून कोणाला आणलं? निकोलस जोवरला, ज्याचं कामच मुळी कॉर्नर आणि फ्री-किक. आर्सेनलला कॉर्नर मिळाला की हा जोवर टचलाइनपर्यंत पुढे येतो आणि खुद्द मॅनेजर बाजूला होतो. ते दृश्य पाहिलं की मला उगाचच अपमान झाल्यासारखं वाटतं. का, ते विचारू नका.

आमच्या कंपूत एक काका आहेत. मूळचे कामठीचे, वेकोलितून, म्हणजे कोळसा खाणींच्या कंपनीतून, रिटायर झालेले, तरुणपणी बॅक खेळायचे. कामठी म्हणजे रब्बानी क्लबचं गाव. तिथं फुटबॉल टीव्हीवर यायच्या आधीपासून आहे. काका कोणत्याच इंग्लिश क्लबचे नाहीत. ते येतात पोह्यांसाठी आणि आमची भांडणं ऐकायला. एका रविवारी मी कॉर्नरवर घसरलो तेव्हा त्यांनी माझी प्लेट स्वतःकडे ओढली. पोहे एका बाजूला सारले आणि तर्रीतले चणे एकेक करून चमच्यानं मांडायला सुरुवात केली.

'हे पाय. हा गोलकीपर.' एक चणा प्लेटच्या काठाला लागला. 'हा त्याच्या अंगाशी. हात नाही लावत, नुसता उभा राहते.' दुसरा चणा पहिल्याला चिकटला. मग पाच-सहा चणे लांबच्या खांबाच्याही पलीकडे, एकगठ्ठा. 'हे सारे इकडं गर्दी करून. त्यायले मार्क करणारे काय करतीन? इकडंच येतीन ना बे. म्हणजे गोलच्या पुढं जागा झाली खाली. आता बॉल उचलला का हे सारे एकदम आत पळते. आन् याच्यातला एक जण समोरच्याच्या वाटेत फक्त उभा होते. ढकलत नाही, बिलकुल नाही.' काकांनी बोटानं एक मोठा चणा तेलातून ओढत रिकाम्या जागेत आणला. मागे तर्रीची लाल रेघ उमटली. 'हा तुमचा गॅब्रिएल. पळत आलेला. उभ्या माणसापेक्षा पळत येणारा उंच उडते का नाही? सांग.'

मी काही सांगायच्या आत भाच्यानं गोलकीपर उचलून तोंडात टाकला.

काकांचं म्हणणं असं की यात कंटाळवाणं काय आहे तेच त्यांना कळत नाही. फॉरवर्डनं तिघांना चकवलं की ती कला, आणि सहा जणांनी मिळून अकरा जणांना चकवलं की ती लबाडी? जन्मभर दुसऱ्यांचे गोल वाचवलेल्या माणसाचा राग त्या बोलण्यात होता. त्यांच्या काळी पेपरात नाव यायचं ते गोल मारणाऱ्याचंच.

इतिहास काढायला गेलं तरी पारडं काकांकडेच झुकतं. वेंगरच्या आधी, 1986 ते 1995, जॉर्ज ग्रॅहम मॅनेजर होता. समोरच्या टीमचे प्रेक्षक 'बोअरिंग, बोअरिंग आर्सेनल' म्हणून कोकलायचे आणि ही टीम एक-शून्यनं मॅच खिशात घालून घरी जायची. 1990-91 मध्ये लीगभर 18 गोल खाल्ले, एकच मॅच हरली, आणि लीग जिंकली. वेंगर 1996 मध्ये आला तेव्हा त्याला ग्रॅहमनं घडवलेली तीच बॅकलाइन आयती मिळाली. पुढची फुलपाखरं मनसोक्त उडली, कारण मागे हे लोक दारं लावून बसले होते. क्लब 1886 चा. त्यातली वेंगरची 22 वर्षं मी उचलली आणि तेवढीच खरी आर्सेनल असं धरून चाललो, हा काकांचा आरोप. तो खोडायला माझ्याकडे फारसं काही नाही.

पण त्यांनी खरा पेच टाकला तो मार्चमध्ये. जामठ्याच्या स्टेडियमवर विदर्भ आणि केरळ यांची रणजी फायनल नुकतीच झाली होती. विदर्भ 379, केरळ 342. पुढे मॅच ड्रॉ, आणि पहिल्या डावातल्या 37 रनांच्या आघाडीवर ट्रॉफी आपली, तिसऱ्यांदा. शेवटचा दिवस म्हणजे आपली बॅटिंग चालूच, चालूच, चालूच. समोरच्याला बॅट हातात मिळालीच नाही.

'तवा तू काय केलं?' काकांनी विचारलं. 'पेढे वाटले का नाही? तवा नाही म्हटलं, शैली कुठं आहे म्हणून?'

वाटले होते. त्याच ठेल्यावर वाटले होते. मी गप्प बसलो, पण घरी जाताना वर्धा रोडवरच्या सिग्नलला उत्तर सापडलं. वादातली चांगली उत्तरं सिग्नललाच सापडतात. विदर्भ माझा आहे, कारण मी इथला आहे. त्यांनी ड्रॉ करून जिंकावं, रटाळ खेळून जिंकावं, नाहीतर डावानं हरावं, मला दुसरी टीम निवडायची सोय नाही आणि हौसही नाही. उत्तर लंडनमधल्या माणसाचं आर्सेनलशी असंच असणार. आजोबा जायचे, बाप जायचा, म्हणून हा जातो. ग्रॅहम असो की वेंगर, पावसात उभं राहून मॅच बघतो. माझं तसं नाही. 2003-04 मध्ये केबलवर चॅनल बदलता बदलता एक उंच माणूस डावीकडून असा काही पळताना दिसला की रिमोट हातातच राहिला. तो ऑन्री. त्या हंगामात 26 जिंकल्या, 12 ड्रॉ, हरली एकही नाही, पण हे मला नंतर कळलं. क्लब लंडनमधला आहे हेही नंतर कळलं. मी क्लब निवडला नव्हता, ते पळणं निवडलं होतं. ट्रॉफी त्यांची, मैदान त्यांचं, तिकीट त्यांचं. माझ्या वाट्याला फक्त खेळण्याची तऱ्हा आली होती. तीच बदलली तर मग रात्री जागून मी नेमकं कोणाचं काय बघतोय?

भाच्याचं गणित उलटं. त्याचा जन्म 2004 नंतरचा. त्यानं वेंगरचा पडता काळ तेवढा पाहिला, आणि आर्सेनल लीग जिंकलेली मामाच्या तोंडून ऐकली. त्याला सौंदर्य नको, ट्रॉफी हवी. म्हाताऱ्यांना निकालाची चिंता आणि पोरांना नखऱ्याची, असं सगळीकडे असतं म्हणतात. आमच्या घरात ते बरोब्बर उलटं आहे.

मग आली एप्रिलमधली, चॅम्पियन्स लीगमधल्या रिअल माद्रिदविरुद्धच्या मॅचची रात्र. आपल्याकडे रात्री साडेबाराला. कूलर फुल स्पीडवर, त्यामुळे कॉमेंटरी ऐकू येईना, आणि बंद करावा तर नागपूरचा एप्रिल. मुकी मॅच बघत होतो. जीझस आणि हाव्हर्ट्झ दोघंही जायबंदी, म्हणून मेरिनो हा मिडफिल्डर फॉरवर्ड करून उभा केलेला. 58 व्या मिनिटाला फ्री-किक. डेक्लन राइस उभा राहिला. थेट फ्री-किकवर या माणसाचा तोवर कारकिर्दीत एक गोल नव्हता. बॉल भिंतीच्या बाहेरून वळला आणि माद्रिदचा गोलकीपर कुर्त्वा याच्या हाताला चुकवून आत गेला. बारा मिनिटांनी पुन्हा फ्री-किक, पुन्हा राइस, आणि या वेळी थेट वरच्या कोपऱ्यात. कूलरच्या वर जाईल एवढ्या जोरात मी ओरडलो. आतल्या खोलीतला दिवा लागला आणि काहीही न बोलता बंद झाला. पुढे मेरिनोनं तिसरा मारला, 3-0.

मी भाच्याला लिहिलं, 'याला म्हणतात फुटबॉल!'

त्याचं उत्तर लगेच आलं. 'मामा, गोल कसा झाला?'

आता आली का पंचाईत. फ्री-किक म्हणजेही थांबलेला बॉल. जोवरच्याच खात्यातली गोष्ट. मी तरी वकिली केली. मॅचनंतर राइस स्वतः म्हणाला होता की पहिल्या वेळी ठरलेलं होतं बॉल आत टाकायचं, पण भिंत आणि गोलकीपर कुठे उभे आहेत ते बघून त्यानं बेत बदलला. म्हणजे बघ, मी लिहिलं, मॅनेजरचं ऐकलं नाही म्हणून गोल झाला. भाच्यानं लिहिलं, झोपा आता. या मुद्द्यावर मी अजूनही ठाम आहे. ठरवलेलं सोडून एखाद्याला एकदम काहीतरी सुचतं, तेवढ्यासाठीच तर बघायचं.

एप्रिल संपता संपता आणि मे उजाडल्यावर सेमीफायनलमध्ये पॅरिसच्या पीएसजीनं दोन्ही मॅचेस घेतल्या, 1-0 आणि 2-1. त्यांचा मॅनेजर लुइस एन्रिके, त्याची ती पोरं जागा बदलत, एकमेकांत मिसळत अशी काही खेळली की मी ठेल्यावर त्यांची उघड तारीफ केली. हे फार झालं. भाचा त्यानंतर काही दिवस माझ्याशी फक्त बहिणीमार्फत बोलत होता. काकांचं मत, डोनारुम्मा गोलमध्ये नसता तर मी वेगळंच बोलत असतो. त्यांना अर्थात गोलकीपर आवडला होता.

सध्या काका संध्याकाळी आमच्या घरामागच्या मैदानावर बाकावर बसून लहान पोरांचा खेळ बघतात. गोलचे खांब म्हणजे दोन-दोन चपला. परवा मीही गेलो होतो. कॉर्नर मिळाला आणि ती दहा-बारा वर्षांची टीम एखादी कवायत असावी तशी हलली. एक जण जाऊन गोलकीपरच्या नाकाला नाक लावून उभा राहिला. बाकीची सगळी, सगळीच्या सगळी, लांबच्या चपलेपलीकडे घोळका करून, वाकून, पळायच्या पवित्र्यात. गोलकीपर वैतागून समोरच्याला ढकलतोय, डिफेन्सवाली पोरं घोळक्यामागे धावतायत, शिट्टी वाजून गेलेली. बॉल तिकडे कोपऱ्यात एकटाच.

काका बाकावरून उठून ओरडले, 'अबे, आन् मारते कोन बे?'